सिडनीत मुलं वाढवताना: साप, कोळी, गोचीड आणि मॅगपाय यांच्यासोबत कसं राहायचं

सिडनीला जायचं ठरलं की नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे चांगली तूरडाळ मिळते का, आणि तिकडे घरात साप-कोळी निघतात हे खरं का? दोन्हींचं उत्तर हो. डाळीबद्दल नीट सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या प्रश्नावर मात्र एकतर थट्टा होते, नाहीतर कुणीतरी अंगावर काटा आणणारा व्हिडिओ पाठवतं.

आम्ही सिडनीच्या उत्तरेला, हॉर्न्सबीच्या बाजूला राहतो. मागच्या गल्लीपलीकडे जंगलच सुरू होतं. मुलं इथेच वाढली, दोन्हीकडचे आजी-आजोबा येऊन-जाऊन असतात. इतक्या वर्षांत नवी आलेली कुटुंबं पाहून एक गोष्ट लक्षात आली: आपली भीती बहुतेक वेळा भलत्याच प्राण्यावर बसलेली असते. भिंतीवर पंजाएवढा कोळी दिसला की घर डोक्यावर घेतात, आणि मुलाच्या कानामागची तिळाएवढी गोचीड मात्र चिमटीत धरून सहज उपटतात. त्या कोळ्याने काहीही होत नाही. गोचिडीमुळे मुलाचं मटण कायमचं बंद होऊ शकतं.

गावाकडच्या काही सवयी इथे फार कामाच्या आहेत, काही नेमक्या उलट्या पडतात. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या ते पुढे येईलच. माहिती सिडनी आणि न्यू साउथ वेल्स राज्यापुरती आहे. उत्तरेला केर्न्स-डार्विनकडे मगरी आणि बॉक्स जेलीफिश आहेत, तिकडचा हिशेब वेगळा.

## १. आल्या आल्या हे घरात आणून ठेवा

- रुंद इलॅस्टिक बँडेज, १० ते १५ सेंटिमीटर रुंदीचं. घरात किमान दोन, गाडीत दोन. फार्मसीत ‘स्नेक बाइट बँडेज’ मागा. त्यावर छापलेले आयत पुरेसं ताणलं की चौकोन होतात, त्यामुळे किती घट्ट बांधायचं ते कळतं.
- गोचीड गोठवून मारणारा स्प्रे. हाही फार्मसीत मिळतो.
- परमेथ्रिन असलेलं मलम, जे खरजेसाठी देतात ते.
- फ्रीझरमध्ये बर्फाची पिशवी.
- रुंद तोंडाची बरणी आणि एक जाड पुठ्ठा. कोळ्यासाठी.
- टॉर्च, बंद बूट, लांब मोजे.

फ्रिजवर एक कागद चिकटवा. त्यावर घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत, मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्ययोजना) कार्डाचा किंवा आरोग्य विम्याचा क्रमांक, आणि हे फोन: तातडीसाठी ०००, पॉइझन्स इन्फर्मेशन सेंटर १३ ११ २६ (चोवीस तास, देशभर), आणि वन्यप्राण्यांसाठी वायर्स या संस्थेचा १३०० ०९४ ७३७. फोनमध्ये ‘इमर्जन्सी प्लस’ हे सरकारी ॲप घ्या. जंगलातल्या पायवाटेवर आपण नेमके कुठे आहोत ते त्यावर दिसतं आणि फोनवर वाचून दाखवता येतं.

## २. अँब्युलन्सचं आधी बघा

प्राण्यांचा विषय सोडून हे मध्येच का, असं वाटेल. पण साप चावल्यावर स्वतः गाडी चालवत जायचं नसतं, अँब्युलन्स बोलवायची असते, आणि या राज्यात ती फुकट नाही. मेडिकेअरमध्ये अँब्युलन्स येत नाही. खाजगी आरोग्य विम्यात बहुतेकदा येते, आणि नुसत्या अँब्युलन्सपुरता स्वस्त विमाही मिळतो. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तुमच्या विम्यात अँब्युलन्स आहे ना, हे कागद काढून वाचा. भेटीला येणाऱ्या आई-बाबांच्या प्रवासविम्यातही तेच. बिलाच्या भीतीने ‘थोडा वेळ बघू’ म्हणत थांबणारी माणसं मी पाहिली आहेत. हा निर्णय घटना घडायच्या आधीच घेऊन टाकलेला बरा.

## ३. कोणत्या महिन्यात काय

इथले ऋतू उलटे, त्यामुळे मी सणांवरून लक्षात ठेवते. नागपंचमी येते ती इथल्या थंडीत, तेव्हा साप बहुतेक सुस्तावलेले असतात. गौरी-गणपतीपासून नवरात्रापर्यंत मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपावतात. त्याच सुमारास गोचिडींचा हंगाम चढतो आणि साप ऊन खायला बाहेर पडू लागतात. दिवाळीनंतर फनेल-वेब कोळ्यांचे नर माद्या शोधत भटकायला लागतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. नाताळ ते संक्रांत ही समुद्रावर जायची सुट्टी, आणि ब्लूबॉटल या डसणाऱ्या समुद्री जीवांचीही. पॉसमला, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्याला, ऋतू नाही. तो बारमाही छपरावर असतो.

## ४. कोळी: तीनच ओळखा

कोळ्यांच्या शेकडो जाती शिकायची गरज नाही. तीन पुरेत.

हंट्समन मोठा, चपटा, केसाळ, तपकिरी. रात्री भिंतीवर किंवा पडद्यामागे दिसतो. याला घाबरून किंचाळू नका, मुलं तुमच्याकडे बघून शिकतात. बरणी उपडी ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, बाहेर सोडा. चावला तरी थोडं दुखतं, इतकंच. त्याच्यापासून खरा धोका गाडीत. सनव्हायझर खाली ओढला आणि तो मांडीवर पडला तर माणूस स्टिअरिंग सोडतो. गाडीत दिसला तर आधी गाडी शांतपणे बाजूला घ्या, मग उतरा.

रेडबॅकची मादी वाटाण्याएवढी, काळी, पाठीवर लाल पट्टा. बागेतल्या खुर्चीखाली, कुंडीच्या कडेखाली, टपालपेटीत, बाहेर टांगलेल्या सायकलच्या हेल्मेटमध्ये तिचं विस्कटलेलं जाळं असतं. चावली तर खूप दुखतं, घाम येतो. बर्फ लावा, बँडेज बांधू नका, १३ ११ २६ ला फोन करा. दुखणं वाढत गेलं किंवा लहान मूल असलं तर रुग्णालयात जा. तिच्यावरचं प्रतिविष १९५६ पासून आहे.

सिडनी फनेल-वेब मात्र गांभीर्याने घ्यायचा. चकचकीत काळा, जाडजूड, गार, ओल्या मातीत आणि दगडांखाली राहणारा. मादीपेक्षा नराचं विष जहाल, आणि भटकतो तो नरच. पावसाळी उन्हाळ्यात तो दाराखालच्या फटीतून आत येतो आणि जमिनीवर पडलेल्या कपड्यात किंवा बुटात शिरतो. पोहण्याच्या तलावात तळाशी मेल्यासारखा पडलेला कोळी कित्येक तासांनंतरही जिवंत असू शकतो, तो हाताने उचलायचा नाही. चावला तर सापासारखंच, म्हणजे दाबपट्टी (बँडेज घट्ट गुंडाळणं, रीत पुढच्या भागात) आणि ०००. १९८१ साली स्ट्रुअन सदरलँड यांच्या चमूने प्रतिविष आणलं, त्यानंतर या कोळ्याने एकही माणूस गेलेला नाही. हे वाक्य माझ्या सासूबाईंना रोज रात्री झोपताना ऐकवावं लागायचं.

आता आपली एक सवय जी इथे सोन्यासारखी आहे: बूट झटकून घालणं. कोकणात पावसाळ्यात विंचवाच्या भीतीने आजी करायच्या तेच. बाहेर ठेवलेले बूट उलटे करून आपटा, मुलांचा गणवेश जमिनीवर पडू देऊ नका, दोरीवरचे कपडे झटकून घडी घाला, रात्री अंगणात अनवाणी जाऊ नका. बागकामाला हातमोजे.

## ५. साप दिसला तर, आणि चावला तर

आधी प्रमाण लक्षात घ्या. भारतात दरवर्षी हजारो माणसं सर्पदंशाने जातात. ऑस्ट्रेलियात वर्षाला सरासरी दोनच्या आसपास. साप इथे कमी विषारी आहेत म्हणून नव्हे. इथला ईस्टर्न ब्राउन अत्यंत जहाल आहे आणि देशातले सर्वाधिक सर्पदंश-मृत्यू त्याच्यामुळेच होतात. फरक पडतो तो प्रथमोपचार, अँब्युलन्स आणि प्रतिविष वेळेत मिळण्याने.

बागेत साप म्हणून ज्याचा ओरडा होतो तो पुष्कळदा ब्लू-टंग सरडा निघतो. आपल्या सापसुरळीची थोरली बहीणच ती, आखूड पाय गवतात दिसत नाहीत. तोंड उघडून निळी जीभ दाखवते, पण विषारी नाही, आणि गोगलगायी खाते. राहू द्या तिला. गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकल्या तर आधी हीच मरते.

खरा साप दिसला तर थांबा, हळूहळू मागे या, मुलं आणि कुत्रा घरात घ्या, लांबून नजर ठेवा आणि वायर्सला किंवा परवानाधारक सर्पमित्राला फोन करा. सर्पमित्र पैसे घेतात, फोनवरच विचारून घ्या. साप खोलीत असेल तर दार बंद करून फटीला टॉवेल गुंडाळून लावा. काठी घेऊन मारायला जाऊ नका. इथे सापाला मारणं गुन्हा आहे, शिवाय साप चावण्याचे कितीतरी प्रसंग मारायला किंवा पकडायला गेल्यामुळेच घडतात.

चावला तर या क्रमाने:

१. माणसाला आहे तिथेच आडवं करा. एक पाऊलही चालू देऊ नका. विष लसिकावाहिन्यांमधून पसरतं आणि स्नायू हलले की वेगाने पसरतं.
२. ००० ला फोन.
३. जखम धुऊ नका, पुसू नका. त्वचेवरच्या विषावरून रुग्णालयात सापाचा गट ओळखायला मदत होते.
४. दंशावर एक बँडेज घट्ट गुंडाळा. मग दुसरं घेऊन बोटांच्या जरा वरून सुरुवात करा आणि पूर्ण पाय किंवा हात वरपर्यंत गुंडाळा. पॅंट काढायची नाही, तिच्यावरूनच. मुरगळल्यावर बांधतो तितकं घट्ट. बोटांची टोकं उघडी ठेवा, रक्त खेळतंय ना ते दिसतं.
५. दंशाची जागा बँडेजवर पेनने खूण करा.
६. काठी किंवा फळी लावून अवयव बांधून ठेवा. बँडेज रुग्णालयातच काढतील.

दोरी आवळून बांधणं, ब्लेडने चीर देणं, तोंडाने ओढणं, हळद किंवा चुना लावणं, यातलं काहीही नको. साप ओळखायच्या मागेही लागू नका, प्रतिविष ठरवायला डॉक्टरांकडे वेगळे मार्ग असतात.

आणखी एक, जे इथल्या प्रथमोपचार वर्गात कुणी सांगणार नाही. ही दाबपट्टी ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठी आहे. सुट्टीत गावी गेल्यावर घोणस किंवा फुरसं चावलं तर हे असं आवळून बांधू नका. त्यांच्या विषाने जागेवरच मांस सडतं, आणि दाबपट्टीने ते वाढू शकतं. तिथे अवयव मोडला असल्यासारखा न हलवता थेट रुग्णालय गाठायचं. मुलांना दोन्ही सांगून ठेवा.

## ६. गोचीड: सगळ्यात दुर्लक्षित

या भागात मी मुद्दाम जास्त वेळ घेतेय.

आपल्याकडे कुत्र्याच्या, म्हशीच्या अंगावरच्या गोचिडी हाताने उपटतात. सिडनीसह ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनारपट्टीवर जी पॅरालिसिस टिक ही गोचीड असते, तिच्यासोबत असं वागायचं नाही. चिमटीत धरली की ती दाबली जाते आणि तिची लाळ आणखी आत जाते. त्या लाळेमुळे काहींना तिथल्या तिथे तीव्र ॲलर्जी होऊ शकते. शिवाय काही लोकांना पुढे लाल मांसाची ॲलर्जी होते. हा संबंध सिडनीच्याच ॲलर्जीतज्ज्ञ शेरिल व्हॅन न्यूनन यांनी २००७ मध्ये पहिल्यांदा मांडला.

ही ॲलर्जी फसवी आहे. मटण खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. दोन, चार, सहा तासांनी, बहुतेक मध्यरात्री, अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, क्वचित श्वास अडकतो. रात्रीच्या जेवणातल्या रश्श्याचा संबंध कुणी लावत नाही, आपण ‘बाहेरचं काही खाल्लं असेल’ म्हणतो. बकरा, मेंढी, गाय, डुक्कर सगळं यात आलं. कोंबडी आणि मासे यात नाहीत. काहींना जिलेटिन, तर थोड्यांना दूधही चालत नाही, तेव्हा शाकाहारी घरांनीही हा भाग वाचावा. असं काही झालं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं स्वतःहून सांगा.

काय करायचं:

प्रौढ गोचीड दिसली तर स्प्रेने जागच्या जागी गोठवा आणि आपोआप गळून पडू द्या. बारीक, खसखशीएवढ्या पिल्लांवर परमेथ्रिनचं मलम लावा. रॉकेल, तेल, काडेपेटी, नखं सगळं बाजूला ठेवा. आधी गोचिडीची ॲलर्जी झालेली असेल तर घरी हात न लावता रुग्णालयात. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, भोवळ आली तर ०००.

जंगलातून किंवा नुसतं मागच्या अंगणात झुडपात खेळून आल्यावर मुलांना अंघोळीआधी नीट तपासा. केसांची रेघ, कानामागे, काखेत, जांघेत, बेंबीत. कपडे ड्रायरमध्ये गरम हवेवर फिरवा. पॅंट मोज्यात खोचा, फोटोत वाईट दिसेल, दिसू द्या. कुत्रा-मांजर असेल तर त्यांना गोचिडीचं औषध नियमित द्या, कारण त्यांना खरोखर अर्धांगवायू होतो आणि ती मरतात. कुत्र्याचे मागचे पाय लटपटले किंवा भुंकण्याचा आवाज बदलला तर त्याच दिवशी पशुवैद्य.

## ७. मॅगपाय

शाळेच्या वाटेवर काळा-पांढरा पक्षी मागून येऊन डोक्यावर झडप घालतो. उन्हाळ्यात घरट्याजवळचा कावळा टोच मारतो ते ज्याने अनुभवलंय त्याला यात नवीन काही नाही. अंड्या-पिल्लांचे साधारण सहा आठवडे हे चालतं, आणि तेही थोडेच नर करतात. पण ते माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात आणि ठरावीक माणसांना वर्षानुवर्षं धरतात. पोस्टमन आणि सायकलवाले त्यांचे नावडते.

जमेल तर तेवढे दिवस रस्ता बदला. घरट्यापासून शंभर मीटरच्या पलीकडून गेलं तरी भागतं. बाबागाडी असेल तर नक्की बदला. नाहीतर छत्री उघडा, गॉगल लावा (जपायचे ते डोळे), पक्ष्याकडे तोंड ठेवून शांतपणे चाला. पळू नका, सायकलवरून उतरून चालत जा. दगड मारलात तर तो तुम्हाला विसरणार नाही, आणि पक्षी कायद्याने संरक्षित आहे. ‘मॅगपाय अलर्ट’ या संकेतस्थळावर लोक हल्ल्याच्या जागा नोंदवतात, सप्टेंबरमध्ये शाळेचा रस्ता त्यावर एकदा पाहून घ्या.

## ८. समुद्रावर

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा. उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की निळ्या फुग्यांसारखे ब्लूबॉटल किनाऱ्यावर येतात. मुंबईकरांनी पावसाळ्यात जुहूला हे पाहिलेले असतील. वाळूत पडलेलेही डसतात. धागे समुद्राच्या पाण्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं. जीवरक्षकांकडे सोय असते. व्हिनेगर इथे नको, ते उत्तरेकडच्या बॉक्स जेलीफिशसाठी.

खडकांमधल्या डबक्यांत मुलांना काही उचलू देऊ नका. रिकामा दिसणारा शंखही नाही. मुठीत मावणाऱ्या ब्लू-रिंग्ड ऑक्टोपसचा चावा दुखतही नाही, पण श्वास बंद पाडतो, आणि त्यावर प्रतिविष नाही. दाबपट्टी, ०००, आणि श्वास थांबला तर मदत येईपर्यंत कृत्रिम श्वास.

## ९. खायला घालायचं नाही

पक्ष्यांना दाणे टाकणं, उरलेली पोळी कुस्करून ठेवणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथे सोडा. कॉकाटूला (काकाकुवाला) दोन दिवस खाऊ घातलंत तर तिसऱ्या दिवशी थवा येतो, आणि खाणं मिळालं नाही की लाकडी कठडे कुरतडतो. ते कचऱ्याचे डबे उघडायलाही एकमेकांचं बघून शिकतात, यावर सिडनीत रीतसर संशोधन झालंय. सांडलेल्या अन्नाला उंदीर येतात, उंदरांमागे साप.

पितृपक्षातलं पान हा नाजूक विषय. इथे कावळ्यासारखा काळा रेव्हन आहे, पण तो येईलच असं नाही, आणि रात्रभर पान ठेवलंत तर पॉसम वडे नेईल. आमच्याकडे पान ठेवतात, नमस्कार करतात आणि थोड्या वेळाने उचलून आत घेतात. पितरांची तक्रार अजून आलेली नाही.

छपरात पॉसम धावत असेल तर भाड्याच्या घरात आधी एजंटला लेखी कळवा. पिंजरा लावायला परवाना लागतो, आणि पकडलेला पॉसम १५० मीटरच्या आतच सोडावा लागतो, म्हणजे लांब नेऊन सोडणं बेकायदा. तो बाहेर गेल्यावर फट बुजवणं हाच उपाय. ब्रश-टर्की हा कोंबड्यासारखा मोठा पक्षी बाग उकरून चार मीटर रुंद पालापाचोळ्याचा ढीग रचतो. तुमची कोथिंबीर त्यात गेली तर गेली.

वटवाघळाला मात्र कधीही हात लावू नका, तारेत अडकलेलं दिसलं तरी. इथल्या कुत्र्यांत रेबीज नाही, पण वटवाघळांत रेबीजच्याच कुळातला विषाणू आहे. ओरखडा आला तरी साबण आणि पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे, लस घ्यावी लागते. सुटकेसाठी वायर्सचे लस घेतलेले कार्यकर्ते येतात.

## १०. हायवेवर

पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. वेग कमी ठेवा. समोर आलाच तर ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग झटक्याने वळवू नका, झाडावर आदळून माणसं जातात. कांगारूला धडक बसली तर गाडी सुरक्षित थांबवून वायर्सला कळवा. मेलेल्या मादीच्या पोटपिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं.

## ११. आजी-आजोबा येण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ बागेत घालवणारी, पहाटे फिरायला जाणारी आणि फुलं तोडायला झुडपात हात घालणारी माणसं हीच. त्यांच्यासाठी बंद बूट आणि हातमोजे आधीच आणा, चपला घालून बागेत जाऊ देऊ नका. फोन लावायचा सराव करून घ्या: ०००, मग ‘अँब्युलन्स’, जोडून दिल्यावर ‘हिंदी’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा नाही, दुभाष्या मिळतो. फ्रिजवरचा कागद दाखवा. आणि बँडेज कसं बांधायचं ते मुलांना शिकवायला आजोबांचा पाय घ्या. पेपर वाचत बसले की ते अर्धा तास हलत नाहीत.